डिस्कसचे पर कुजायला लागले तर: फिन रॉट, बोअरचं पाणी आणि पिवळी पावडर

आजचा भाग एकाच प्रश्नावर आहे. प्रश्न होसकोटेहून आलाय, पण लातूर, सोलापूर, अहिल्यानगर, जिथे जिथे बोअरच्या पाण्यावर टाकी चालते तिथल्या सगळ्यांनी ऐकावा असा आहे.

प्रश्न विचारणारे दादा मूळचे सांगली जिल्ह्यातले, विट्याकडचे. धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा. खानापूर-आटपाडीकडची माणसं या धंद्यानं देशभर पसरलीत, तसे हेही बंगळुरूच्या पूर्वेला होसकोटेत स्थिरावलेत. (होसकोटे मराठी माणसाला अगदीच परकं नाही. शहाजीराजांच्या बंगळुरूच्या जहागिरीत हा भाग होता. आता ते गाव पहाटेच्या बिर्याणीसाठी ओळखलं जातं, तो विषय वेगळा.) दादांकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी. सहा डिस्कस. दोघांचे पर कडेनं पांढरट झाले, मग झिरझिरीत झाले, शेपटीचे काटे उघडे दिसायला लागले. दुकानदारानं पिवळी पावडर दिली, टेट्रासायक्लिन गटातली. पाच दिवस टाकली. पाणी चहासारखं झालं, वर फेस आला, बाकीचे चारही मासे काळवंडून कोपऱ्यात उभे राहिले आणि सहाव्या दिवशी एक गेला. मुलगी सातवीत आहे, माशांची नावं तिनं ठेवलेली. दादा विचारतात, औषध कमी पडलं का? डोस दुप्पट करू का?

नाही. आधी हात थांबवा. दुप्पट डोस टाकलात तर उरलेले पाचही जातील. का, ते नीट समजून घेऊ.

फिन रॉट म्हणजे पर कुजणं. ते करणारे जिवाणू, एरोमोनास, स्यूडोमोनास, फ्लेव्होबॅक्टेरियम, हे कुठून बाहेरून आलेले दरोडेखोर नाहीत. ते प्रत्येक टाकीत, प्रत्येक पाण्यात, निरोगी माशाच्या अंगावरसुद्धा असतात. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्यांना आत येऊ देत नाही. डिस्कसच्या बाबतीत हा थर फारच महत्त्वाचा. ह्या माशाची पिल्लं पहिले काही दिवस आईबापाच्या अंगावरचा हाच थर खाऊन वाढतात. दोघंही पाजतात म्हणायचं. मासा ताणाखाली आला, पाणी बिघडलं, की थर पातळ होतो, प्रतिकारशक्ती उतरते आणि पराची कड ही सगळ्यात पातळ, सगळ्यात कमी रक्त पोचणारी जागा असल्यामुळे तिथून कुजायला सुरुवात होते. म्हणजे फिन रॉट हा बहुतेक वेळा मूळ आजार नसतो, तो परिणाम असतो. कारण शोधल्याशिवाय औषध टाकणं म्हणजे छत गळतंय आणि आपण फरशी पुसतोय.

आता दादांनी एक काम फार चांगलं केलं. पाणी तपासून आकडे पाठवले. पीएच ८.२. तापमान ३२, कारण डिसेंबरची थंडी होती आणि कुणीतरी सांगितलं की आजारी डिस्कसला ऊब द्या. एकूण अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम. हे तीन आकडे एकत्र वाचायचे असतात, एकेकटे वाचून काही कळत नाही.

टाकीतला अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जो त्या मानानं निरुपद्रवी. दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ले जाळतो, बुळबुळीत थर जाळतो. दोघांचं प्रमाण ठरतं पीएच आणि तापमानावर. पाणी ३० अंशांचं आणि पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी शंभरातला एक भागसुद्धा मोकळा नसतो, साधारण ०.८ टक्के. तेच पीएच ८ ला गेलं की साडेसात टक्क्यांच्या आसपास. ८.२ आणि ३२ अंशांना साडेबारा टक्क्यांच्या वर. म्हणजे दादांच्या टाकीत मोकळा अमोनिया लिटरला ०.१२-०.१३ मिलिग्रॅम होता. ०.०२ च्या वर गेलं की माशाला त्रास सुरू होतो असं धरून चालतात. त्याच्या सहापट. त्याच १ मिलिग्रॅमवर मुंबईतला एखादा माणूस, तानसा-वैतरणा-भातसाच्या मऊ पाण्यावर, पीएच ७ ला टाकी चालवत असेल, तर त्याचे मासे जेवत असतील. नुसता "अमोनिया १ आहे, चालेल का" असा प्रश्न म्हणूनच अर्धा असतो.

हा पीएच आला कुठून? होसकोटेची जमीन ग्रॅनाइट-नाइसची, बोअर खोल, पाणी कठीण. आणखी एक गंमत बघा. खोल बोअरचं ताजं पाणी मोजलं तर पीएच सात-सव्वासात येतो आणि माणूस खूश होतो. पण त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बादलीत एअर स्टोन लावून २४ तास ठेवा आणि परत मोजा. तो वायू उडून जातो आणि पीएच आठाच्या वर जाऊन बसतो. टाकीत तेच होतं. म्हणून पाणी बदलण्याआधी ड्रममध्ये एक दिवस हवा देऊन ठेवायचं, आणि पीएच त्या ठेवलेल्या पाण्याचा मोजायचा. ताज्या बोअरच्या पाण्यात ऑक्सिजनही कमी असतो, तेही ह्यानं सुधारतं. टँकरचं पाणी असेल तर त्यात ब्लीचिंग पावडर टाकलेली असू शकते, तेव्हा हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, चार खडे आधी ड्रममध्ये विरघळवायचे.

आता पिवळ्या पावडरीकडे येऊ.

टेट्रासायक्लिन गटातली औषधं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला घट्ट धरून बसतात. माणसांचे डॉक्टर ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणून सांगतात ना, तेच कारण. आता कठीण पाणी म्हणजे काय? कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच. दादांच्या टाकीत पावडर पडली की तिचा मोठा भाग पाण्यातल्या कॅल्शियमला जाऊन चिकटला, माशापर्यंत पोचलाच नाही. वर फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी तशीच होती, तिनं उरलेलं ओढून घेतलं. औषध टाकताना कार्बन काढायचा असतो, हे त्या पुडीवर लिहिलेलं नसतंच बहुतेक.

मग औषधानं काहीच केलं नाही का? केलं. फिल्टरच्या स्पंजमध्ये अमोनिया खाणारे उपयोगी जिवाणू राहतात. अँटिबायोटिक त्यांना आणि रोगाच्या जिवाणूंना वेगळं ओळखत नाही. पाच दिवसांत फिल्टर कमजोर पडला, फेस आणि चहासारखा रंग आला, अमोनिया चढला. त्यातून जे जिवाणू अर्धवट डोसातून वाचले ते पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देणार नाहीत. माझं मत विचाराल तर दुकानात सुट्या पुडीत, नावाशिवाय, डोसाशिवाय मिळणारं अँटिबायोटिक घरात आणूच नये.

आणि ऊब. डिस्कस ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, २८ ते ३० अंशांत सुखी असतो, हे खरं. पण आजारी माशाला म्हणून ३२-३३ करणं हा सल्ला सगळीकडे लावू नका. एक तर पाणी तापलं की ऑक्सिजन कमी धरतं. ३० अंशांना समुद्रसपाटीवर लिटरला साडेसात मिलिग्रॅम मावतो. होसकोटे सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाबच कमी, म्हणून आणखी दहाएक टक्के वजा करा. पावणेसातच्या आसपास राहिला. त्यात कल्ले भाजलेले. दुसरं, पर कुजवणाऱ्यांमधला फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर हा ऊब आवडणारा प्राणी आहे. तो असेल तर तापमान वाढवणं म्हणजे त्याला पंगतीला बसवणं. तो ओळखायचा असा: पाठीवर खोगिरासारखा पांढरट पट्टा, तोंडाभोवती कापसासारखं काहीतरी, आणि वेग. साधा फिन रॉट आठवडा-आठवडा चालतो, हा उबदार पाण्यात एक-दोन दिवसांत मासा नेतो. दादांच्या फोटोत खोगीर दिसत नाही. पराच्या कडा पांढरट, काही ठिकाणी लाल रेघा, आणि एका माशाच्या पराला काळी किनार. काळी किनार बहुतेकदा अमोनियानं भाजल्याची खूण असते. आणि फाटलेला पर दिसला की प्रत्येक वेळी फिन रॉट नसतो. दुसऱ्या माशानं चावलेला पर स्वच्छ तुटतो, कड पारदर्शक राहते. डिस्कस दोन-तीनच ठेवले की त्यांतला दांडगा एकाला धरून बसतो, त्याचे पर असे दिसतात. त्याला औषध नको, सोबत हवी. पाच-सहा तरी असावेत म्हणजे मार वाटला जातो.

आता उपाय. दादा, वही घ्या.

आज पावडर बंद. कार्बन ताजा घाला, आता तो हवाच, उरलेलं औषध ओढायला. आज खाणं नाही. पाच दिवस उपाशी राहिला तरी मोठा डिस्कस मरत नाही, पण कुजलेलं खाणं अमोनिया वाढवतं. हीटर २९ वर आणा, पण एकदम नाही, दिवसाला एक-दीड अंश.

पाणी बदला. तुमची टाकी नऊ घनफूट, एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे २५५ लिटर. रेती आणि वरची रिकामी जागा सोडून २२० धरा. त्यातलं निम्मं, ११० लिटर, आज. उद्या परत निम्मं. परवा मोजून ठरवा. नवं पाणी एक दिवस हवा दिलेलं आणि टाकीच्याच तापमानाचं. थंडीत होसकोटेला रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो, ड्रमचं पाणी तसंच ओतलंत तर औषधाची गरजच उरणार नाही. ड्रममध्येही एक हीटर लागतो.

इथे एक धोक्याची पाटी लावतो, ही दादांसाठी नाही, पण ऐकणाऱ्यांत कुणीतरी असेल. तुमच्या टाकीचं पाणी महिनोन्‌महिने बदललेलं नसेल आणि पीएच उतरून ६.२ वर आला असेल, तर त्यात अमोनियम भरपूर साठलेलं असू शकतं आणि मासे तरीही जिवंत असतात. अशा टाकीत बोअरचं ७.८ चं पाणी निम्मं ओतलं की पीएच उडी मारतो. ६.२ वरून ७.८ पर्यंत गेला तर मोकळ्या अमोनियाचं प्रमाण जवळजवळ ३५-४० पट होतं. मासे अर्ध्या तासात आडवे होतात आणि लोक म्हणतात पाणी विषारी होतं. पाणी विषारी नव्हतं. अशा टाकीत रोज दहा टक्क्यांच्या वर बदलू नका. दादांचा पीएच आधीच ८.२ आहे, नवं पाणीही तेवढंच, म्हणून त्यांना निम्मं चालतं.

मग वेगळी टाकी. ज्यांचे पर कुजलेत ते दोघं बाजूला काढायचे. दोन फूट बाय एक फूट बाय एक फुटाची काच पुरते, दहा इंच भरली की ४५ लिटरच्या आसपास. तळाला काही नाही, नुसती काच, म्हणजे घाण दिसते आणि काढता येते. एक छोटा हीटर, एक स्पंज फिल्टर, एक एअर स्टोन. स्पंज नवा लावलात तर तो निर्जीव असतो, म्हणून मोठ्या टाकीतलाच एक इकडे आणा. तोही सध्या अर्धमेला आहे, तेव्हा ह्या छोट्या टाकीचं पाणी रोज तिसरा हिस्सा बदलावंच लागेल. पोरांना सांगा टाकीवर टॉवेल टाका, अंधारात मासा शांत राहतो.

ह्या टाकीत मीठ. लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ४५ लिटरला ९० ग्रॅम. काट्यावर मोजा, चमच्यावर नाही. आणि गलाईवाल्याच्या घरी काटा नाही असं म्हणू नका. तीन हप्त्यांत, बारा-बारा तासांनी, वेगळ्या पाण्यात विरघळवून. खडे मीठ चालतं. आयोडीनच्या मिठानं मासे मरतात ही ऐकीव गोष्ट आहे, तेवढ्या आयोडीननं काही होत नाही. मीठ करतं काय? गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरातले क्षार सतत बाहेर झिरपत असतात आणि पाणी आत घुसत असतं. कातडी जखमी झाली की ही गळती वाढते, आणि मासा आपली ताकद गळती भरण्यात घालवतो. पाण्यात थोडं मीठ असलं की तेवढं काम हलकं होतं. शिवाय फिल्टर सावरताना नायट्राइट चढतं, ते मिठातल्या क्लोराइडमुळे कल्ल्यांतून आत जायला अडतं. मीठ वाफेबरोबर उडत नाही. उडालेल्या पाण्याजागी गोडं पाणी भरायचं, मीठ फक्त जेवढं पाणी बदललं तेवढ्याचं. १५ लिटर बदललं तर ३० ग्रॅम. मोठ्या टाकीत झाडं असतील तर तिथे मीठ नको.

बादलीबद्दल एक खास दादांसाठी. कामाच्या जागेची बादली, मग, पाइप टाकीपाशी आणू नका, कितीही धुतलेला असो. तेजाबाचा अंश एक, आणि चांदी गाळण्यात तांबं येतं ते दुसरं. तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश माशांना पुरतो. टाकीची बादली वेगळ्या रंगाची ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा.

तीन-चार दिवस एवढंच. ह्या काळात रोज एकाच कोनातून, एकाच वेळी पराचा फोटो काढा. डोळ्याला रोज बघून फरक कळत नाही. कड पुढे सरकायची थांबली, पांढरी किनार गेली, तर तुम्ही जिंकताय, अँटिबायोटिक लागणार नाही. आठ-दहा दिवसांत कडेला काचेसारखा पारदर्शक पडदा दिसेल. लोक घाबरतात, परत कुजतंय म्हणून. ती नवी वाढ असते, रंग नंतर भरतो. काटे मुळापर्यंत गेलेले नसतील तर पर बऱ्यापैकी परत येतात, कधी थोडे वाकडे.

पण कुजणं रोज पुढे सरकतंय, पराच्या मुळाशी, अंगापर्यंत पोचलंय, अंगावर लाल व्रण आलेत, तर मिठावर बसून राहू नका. तिथे अँटिबायोटिक लागतं, पण कुठलं आणि किती हे माशांचा जाणकार पशुवैद्य ठरवेल. आणि तुम्ही त्याला पहिलं वाक्य हे सांगायचं की माझं पाणी कठीण आहे, पीएच ८.२ आहे. मासा खात असेल तर औषध खाण्यातून देण्याचा विचार होतो, पाण्यातल्या कॅल्शियमची अडचण त्यात कमी येते. बंगळुरूत हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेसरघट्ट्याला गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेचं विभागीय केंद्र आहे, तिथे चौकशी करा. महाराष्ट्रातल्यांना मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीत शिरगावचं आणि उदगीरचं मत्स्य महाविद्यालय आहे. औषधाचं पाणी मात्र गटारात, तळ्यात नाही. होसकोटेचं तळं मोठं आहे म्हणून त्याला पचेल असं नाही.

आता कठीण पाण्याचं काय करायचं, कारण दादा पुढे विचारणार, आरओ लावू का. टाकीत जन्मलेला डिस्कस कठीण पाण्यात जगतो, वाढतो. अंडी आणि पिल्लं हवी असतील तर मऊ पाणी लागतं. तुम्हाला पैदास करायची नसेल तर पीएच ८ सुद्धा चालवून घेता येतो, अट एकच, अमोनिया शून्य. मऊ पाण्यात चूक थोडी खपते, तुमच्याकडे खपत नाही, एवढाच फरक. आरओ लावलात तर मिसळून वापरा. बोअरचा टीडीएस ८०० आणि आरओचा ४० असेल, तर एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ मिळून २३० होतो. पण त्यावर पंधरा-वीस दिवसांत हळूहळू या. आणि आत्ता नको. आजारी माशाला आधी बरं होऊ दे, घर नंतर बदलू.

(पुस्तकासाठी जोड.) व्हिडिओ आल्यानंतर तीन आठवड्यांनी दादांनी कळवलं. पाचापैकी चार खातायत. आजारी दोघांतल्या एकाचा पर मुळापर्यंत गेला होता, तो वाकडा पोहायला लागला, खाली पडून राहायला लागला. त्याचं काय करावं असं त्यांनी विचारलं, तेव्हा जे सांगितलं ते इथे देतो, कारण हा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत. मासा वाचणार नाही हे नक्की असेल तर संडासात टाकायचा नाही, बर्फात घालायचा नाही. लवंगेचं तेल, औषधांच्या दुकानात मिळतं ते, थोड्या कोमट पाण्यात बाटलीत जोरात हलवून दुधासारखं करायचं, आणि माशाच्या स्वतःच्या पाण्यात, वेगळ्या भांड्यात, हळूहळू घालायचं. लिटरला अर्धा मिलिलिटर पुरतं. मासा आधी झोपतो, मग कल्ल्यांची हालचाल थांबते. थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवायचा. मुलीला आधी सांगायचं की नंतर, हे दादांनी ठरवलं. तिनं तो परसात जास्वंदीखाली पुरला.

दुसऱ्याच्या शेपटीला नवा पडदा आलाय. प्रश्न पाठवताना टाकीचं माप, पीएच, तापमान, अमोनिया, नायट्राइट आणि पाणी कुठलं, एवढं लिहीत चला. फोटो बाजूनं, फ्लॅश न मारता.